न खेळलेले सामने

किनवटची मुलं नाशिकला पोचली तेव्हा त्यांचे सगळे सामने हरून झाले होते. मुलांना हे ठाऊक नव्हतं. विश्वंभर चिद्रावारला ठाऊक होतं, आणि तरी तो क्रीडासंकुलाच्या फाटकात त्यांच्या स्वागताला हसतमुखानं उभा होता.

बसमधून आधी त्याची थोरली बहीण उतरली. शैलजा गंधेवार, किनवटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. विश्वंभर तिला अक्का म्हणे. तिच्यामागून सहा मुलं उतरली, आणि सगळ्यात शेवटी दोघांनी तोलून धरलेली एक लाकडी पेटी. पेटीत मुलांनी वर्षभर खपून बनवलेला यंत्रमानव होता. सहा चाकांचा, पुढे दोन नांग्यांसारखे हात असलेला. त्याचं नाव मुंगी.

"वाळलास रे विशू," अक्का म्हणाली, आणि मुलांकडे वळली. "हे विशूमामा. ही सगळी स्पर्धा यांनीच आखलीय. हे नसते तर आपण अजून नांदेडातच बाद होत बसलो असतो."

मुलं त्याच्याकडे डोळे भरून बघू लागली. एकानं वाकून नमस्कारही केला. संघाची कर्णधार सुवर्णा आत्राम, नववीतली, रात्रभराच्या प्रवासानं चेहरा उतरलेला, पण पुढे येऊन तिनं विचारलं, "मामा, आमचा पहिला सामना कुणाशी आहे?"

"बोर्डावर लागेल," विश्वंभर म्हणाला. "उद्घाटन झालं की."

त्यानं पेटीला हात लावल्यासारखं केलं आणि घाईघाईनं आत निघून गेला.

राज्य शालेय यंत्रमानव अजिंक्यपद ही स्पर्धा कित्येक वर्षं एकाच साच्यातून चालली होती. दोन दिवस, चार मैदानं, प्रत्येक शाळेला दहा सामने. एवढ्या वेळात अठ्ठेचाळीस शाळांपलीकडे कुणाला घेताच येत नसे. मग विभागवार चाळणी लागे, आणि त्या चाळणीतून दरवर्षी त्याच त्या शाळा वर येत. पुण्याच्या, मुंबईच्या, नाशिकच्या. ज्यांच्याकडे सुसज्ज कार्यशाळा आणि पगारी प्रशिक्षक होते त्यांच्या. किनवट, अहेरी, धडगाव ही नावं अजिंक्यपदाच्या फलकावर कधी लागलीच नव्हती. विश्वंभर स्वतः किनवटच्या त्याच शाळेतून शिकलेला. त्याला हे फार टोचायचं.

तो नाशिकलाच विमानांच्या सुट्या भागांची झीज ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी. पंखाला तडा जाईपर्यंत तिथं कुणी थांबत नसे. पंखाची तंतोतंत प्रतिकृती संगणकात उभी करायची, तिला लाखो तास उडवायचं, आणि तडा कुठे जाणार ते आधीच सांगायचं. हीच युक्ती त्यानं स्पर्धेला लावली आणि तिचं नाव ठेवलं 'अदमास'.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्रावर यंत्रमानव एका बंद कपाटात ठेवत. कपाट त्याला हलवे, कंप देई, प्रत्येक मोटर फिरवून तिची ताकद आणि तापणं मोजी, चाकांची पकड आणि सांध्यांतला ढिलेपणा टिपून घेई. मग चालक मुलांना नियंत्रक हातात देऊन सरावाचे खेळ खेळायला लावत. त्यांची बोटं किती चटकन वळतात, दडपणाखाली कोण डावीकडे पळतं, कोण थिजतं, याचीही नोंद होई. यंत्र आणि चालक मिळून एक प्रतिकृती तयार होई. यंत्रमानवात पुढे काही फेरफार होऊ नये म्हणून त्याची पेटी मोहोरबंद करत. त्यानंतर अदमास त्या प्रतिकृतींना एकमेकींशी खेळवी. प्रत्येक सामना एक लाख वेळा.

ज्या सामन्याचा निकाल जवळजवळ दर वेळी एकच लागे, तो 'सिद्ध' मानायचा आणि मैदानावर खेळवायचाच नाही. ज्यात खरोखर शंका आहे, तेवढेच सामने खेळवायचे. तीन वर्षं त्यानं अदमासाचे निकाल खऱ्या सामन्यांशी पडताळून पाहिले होते. चूक शोधावी लागे. त्यामुळे मैदानांवरचा बराचसा वेळ मोकळा झाला आणि तीनशे बारा शाळांना अजिंक्यपदाचं दार उघडलं. स्पर्धेच्या समितीनं टाळ्या वाजवल्या होत्या. विश्वंभरनं त्याच दिवशी अक्काला फोन केला होता. "यंदा तुझी शाळा येणार अक्का. चाळणीच काढून टाकली मी."

सगळेच सामने सिद्ध ठरलेल्या शाळांचं काय, हा प्रश्न त्याला सुचला नव्हता असं नाही. अशा फार थोड्या असतील असं त्यानं धरून चाललं होतं. आदल्या संध्याकाळी यादी हातात आली तेव्हा त्या एकाहत्तर निघाल्या. त्यात किनवट होतं.

समितीच्या अध्यक्ष कालिंदी रेगे, निवृत्त अभियंत्या, शांतपणे म्हणाल्या होत्या, "हे आत्ता जाहीर केलं तर ही मुलं निघणारच नाहीत. उद्या पाहुण्यांसमोर पाव मंडप रिकामा दिसेल. उद्घाटनानंतर लावू." सगळ्यांनी माना हलवल्या. विश्वंभरनंही हलवली. तीनशे बारा हा आकडा त्याच्या भाषणाच्या पहिल्याच वाक्यात होता.

बाहेर येऊन त्यानं फोन काढला तर अक्काचाच निरोप आला होता. 'निघतोय अर्ध्या तासात. गावातल्या बायका मुलांना ओवाळतायत, आटपतच नाही.' तो त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं लिहिलं, 'शुभ प्रवास.'

उद्घाटन थाटात झालं. विश्वंभर बोलला, आकडा सांगितला, मंडप टाळ्यांनी दणाणला. तिसऱ्या रांगेत किनवटची मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यानं नजर वर पंख्याकडे लावली आणि भाषण उरकलं.

मग बोर्ड उजळला. खेळवायच्या सामन्यांची घरं हिरवी, सिद्ध सामन्यांची करडी. गर्दी बोर्डाला भिडली. विश्वंभर मंचामागच्या तारांच्या जंजाळात काहीतरी तपासत असल्याचं दाखवत थांबून राहिला. अक्कानं त्याला तिथं गाठलं.

"आमची रांग पूर्ण करडी आहे," ती म्हणाली. "म्हणजे काय रे?"

त्यानं सांगितलं. प्रतिकृती, लाख वेळा, सिद्ध. प्रत्येक शब्द त्यानं आजवर अनेक सभांत उच्चारला होता. आज ते तोंडातून निघताना भिजलेल्या पोत्यासारखे जड झाले होते.

"एकही नाही?"

"नाही."

"मुलांना मी सांगितलंय की सामने लांबलेत. खोटंच बोलले. काय करू, त्यांनी अजून डबेसुद्धा उघडले नाहीत. पहिला सामना झाल्यावर खायचं म्हणतात." मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"सकाळी," विश्वंभर म्हणाला.

शब्द त्याच्या आधीच बाहेर पडून गेला. अक्कानं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर उलट त्याच्याबद्दलचीच काळजी दिसली. "तुझ्यावर भाषणाचं दडपण, त्यात हे. जाऊ दे. बघते मी मुलांचं."

ती गेल्यावर तो तसाच उभा राहिला. लहानपणी शाळेत अक्काच त्याला विज्ञान शिकवायला होती. एकदा एका उत्तराला तिनं वर्गात इतरांना दोन गुण दिले आणि त्याला दीड. घरी तो रडला तेव्हा म्हणाली, "भाऊ आहेस म्हणून जास्त नीट तपासलं." तिनं आयुष्यात कधी त्याला फुकटचं माप दिलं नव्हतं. आज दिलं, तेही त्याच्या खोट्यावर.

दुपारी चहाच्या टपरीपाशी करड्या रांगांच्या शाळांचे शिक्षक जमले. चिपळूणचे शिर्धनकर सर तावातावानं बोलत होते. विश्वंभर शेजारून जात होता, त्याचं नाव कानावर आलं तसा तो खांबाआड थबकला.

"अहो, यांना आधीच माहीत असणार," शिर्धनकर म्हणत होते. "गर्दी दाखवायला आणलंय आपल्याला. खुर्च्या भरायला."

"तसं नाही हो," अक्काचा आवाज आला. "ज्यानं हे यंत्र बनवलं तो माझा सख्खा भाऊ आहे. त्यालाच आज सकाळी कळलं. आधी कळलं असतं तर त्यानं मला फोन केला असता. आमची बस संध्याकाळी सुटली, तोपर्यंत त्यानं थांबवलं असतं. मी त्याला ओळखते."

"तुम्ही म्हणता तर असेल बाई," शिर्धनकर नरमले. "तुम्ही काही उगाच बोलणाऱ्या दिसत नाही."

पुढे होऊन बोलावं, एवढं एक वाक्य बोलायचं, हे विश्वंभरला कळत होतं. तरी तो आल्या वाटेनं मागे फिरला.

तांत्रिक खोलीच्या दारात सुवर्णा उभी होती. बरोबर अंकुश मेश्राम, मुंगीचा दुसरा चालक.

"आम्हाला कळलं," सुवर्णा म्हणाली. "बोर्डाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, करडं म्हणजे काय ते. बाईंना सांगितलं नाही आम्ही. त्यांना वाईट वाटेल."

अक्का मुलांपासून लपवत होती, मुलं अक्कापासून, आणि मधे तो.

"मामा, आम्ही कसे हरलो ते बघायला मिळेल का?"

तसं दाखवणं नियमात बसत नव्हतं. त्यानं दार उघडलं, दोघांना खुर्च्या दिल्या आणि चिपळूणविरुद्धचा सामना पडद्यावर लावला. लाखांपैकी एक.

मैदानात रबरी गोळे विखुरलेले. मुंगी सुसाट निघाली, तीन गोळे उचलून नळीत टाकलेही. चिपळूणचा यंत्रमानव सावकाश पण एकसारखा खपत होता. मग मुंगीची मागची मोटर तापू लागली, वेग मंदावला. शेवटच्या टप्प्यात चढण चढताना डावं चाक घसरलं आणि ती आडवी झाली.

"इथं मी मागं घेतली असती," अंकुश म्हणाला.

"नसती घेतलीस," सुवर्णा हळूच म्हणाली. "नांदेडलाही नव्हती घेतलीस. घाबरलास की तू पुढंच दाबतोस."

मग सुवर्णानं पडद्यावरच्या आडव्या मुंगीकडे बोट दाखवलं. "हे चालवतंय कोण?"

"तुम्हीच दोघं. म्हणजे तुमच्यासारखंच. तुमच्या बोटांच्या नोंदीवरून."

"कधी खेळलं हे?"

त्यानं कोपऱ्यातली वेळ वाचली. काल रात्रीची फेरतपासणी होती ती.

"तेव्हा मी बसमध्ये होते," सुवर्णा म्हणाली. "मला गाडी लागली होती. मी खिडकीत डोकं टेकून बसले होते, आणि इकडं मी हरत होते."

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. तिला नुसतं नवल वाटलं होतं. विश्वंभरनं पडदा बंद केला. आपल्या मुलीच्या वयाच्या पोरीसमोर आपले हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळत नव्हतं.

तो थेट रेगेबाईंकडे गेला. "एकाहत्तर शाळांना एकेक तरी सामना द्या."

"मैदानं मिनिटामिनिटाला भरलीत. तुम्हीच आखलंय ते." रेगेबाई कठोर नव्हत्या. दमलेल्या होत्या. "आणि द्यायचा कशासाठी? निकाल तर माहीत आहे. हे तुमचंच वाक्य, विश्वंभर. तीन वर्षं तुम्ही मला हेच पटवत होतात, आणि मला पटलं."

"आपल्याला काल संध्याकाळी माहीत होतं, हे तरी सांगू या."

"सांगा," त्या म्हणाल्या. "माझा निर्णय होता असंही सांगा. पण मान तुम्हीही हलवली होती."

तो बाहेर आला. टपरीपाशी शिक्षक अजून होते, अक्काही होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अक्का, मला काल संध्याकाळी कळलं होतं. तुमची बस सुटायच्या आधी."

अक्का हातातला कप खाली ठेवायला विसरली. "आणि तू मला शुभ प्रवास लिहिलंस."

"हो."

"कामून?"

"माणसं कमी झाली असती. माझं भाषण होतं."

इतकं लहान कारण असेल असं त्यालाही ते तोंडातून निघेपर्यंत वाटलं नव्हतं. त्याला वाटत होतं, ती रागावेल, निदान हात झटकेल. ती फक्त त्याच्या खांद्यावरून पलीकडे, शिर्धनकरांकडे बघत होती.

"सर," ती त्यांना म्हणाली, "मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. याला काल माहीत होतं. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं." मग ती पलीकडच्या धडगावच्या बाईंकडे गेली, त्यांनाही तेच सांगितलं. मग अहेरीच्या सरांना. ज्याच्या ज्याच्यासमोर तिनं भावाची ग्वाही दिली होती, त्या प्रत्येकाकडे जाऊन तिनं ती परत घेतली. विश्वंभर तिच्या मागं मागं चालत होता. प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघे, मग त्याच्याकडे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण निघून जाणं त्याहून वाईट ठरलं असतं.

सगळं झाल्यावर शिर्धनकर म्हणाले, "बाई, मुलं पेट्या घेऊन बसलीयत. वाहनतळावर जागा आहे. खडूनं मैदान आखू."

कुणी समितीला विचारलं नाही. चढणीसाठी मंडपाच्या फळ्या आणल्या, नळी म्हणून पत्र्याचे डबे, गोळ्यांऐवजी संत्री. पेट्यांवरच्या मोहोरा मुलांनी स्वतः फोडल्या. ऊन कलत होतं, आणि बघता बघता वाहनतळावर वीसेक शाळांचा मेळा भरला. विश्वंभर फळी धरून एका टोकाला उभा राहिला. त्याला कुणी धरायला सांगितली नव्हती, आणि सोडही म्हटलं नव्हतं.

किनवटचा पहिला सामना चिपळूणशीच लागला. मुंगीनं जिंकावं असं विश्वंभरला वाटत होतं, इतकं की त्याचा त्यालाच संशय आला. ती जिंकली तर यंत्र खोटं ठरेल, आणि मग दोष यंत्राचा होईल.

मुंगी सुसाट निघाली. तीन संत्री डब्यात पडली. मग मागची मोटर तापली. अंकुशनं घाबरून पुढेच दाबलं, डावं चाक फळीवर घसरलं आणि मुंगी विश्वंभरच्या पायाशी आडवी झाली. पडद्यावर पाहिलं होतं तसंच, अगदी तसंच. अदमास बरोबर होता. यंत्र चुकलं असतं तर विश्वंभरला लपायला जागा मिळाली असती. आता तीही नव्हती.

पण मुलांचं तिकडे लक्षच नव्हतं. सुवर्णा मुंगीला उलटी करून बसली होती. चिपळूणची एक मुलगी वाकून म्हणाली, "तुमचं वजन सगळं मागं आहे. म्हणून मोटर तापते. बॅटरी पुढं घ्या ना." दोघींनी मिळून पट्टी सोडवली. अंकुशनं चाकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पुन्हा सामना झाला. पुन्हा हरले, पण या वेळी मुंगी चढणीवर मधोमध जाऊन थांबली आणि तिथंच टिकून राहिली. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग सगळी मिळून डबे उघडून बसली आणि चिपळूणच्या मुलांना आपल्या शेजारी जागा करून दिली.

हा दुसरा सामना अदमासाला ठाऊक नव्हता. ठाऊक असणं शक्यही नव्हतं, कारण त्यात खेळलेला यंत्रमानव तासाभरापूर्वी अस्तित्वातच नव्हता. आपण मोहोर लावून नेमकं काय बंद केलं होतं, ते विश्वंभरला वाहनतळावर उभ्या उभ्या उमगलं. पण त्या उमगण्यानं त्याला काही हलकं वाटलं नाही.

अक्का त्या रात्री त्याच्याकडे मुक्कामाला राहणार होती. ती मुलांबरोबर बसनंच परत गेली. जाताना सुवर्णा त्याला म्हणाली, "येतो, सर." मामा नाही, सर. त्याला तो शब्द बरोबर वाटला.

पुढच्या महिन्यात त्यानं समितीसमोर नवी रचना मांडली. सामना वगळायचा नाही. अदमासाचं काम उलटं करायचं. ज्या दोन शाळांमधला निकाल त्याला सांगता येत नाही, त्यांचीच जोडी लावायची. एका अंतिम फेरीऐवजी विभागाविभागांत अनेक लहान अंतिम फेऱ्या ठेवायच्या, मैदानं वाढवायची, दोन सामन्यांत दुरुस्तीला वेळ द्यायचा, मोहोर काढून टाकायची. आणि जोड्यांची यादी शाळा निघायच्या आधी पाठवायची. रेगेबाईंनी ती बारकाईनं वाचली. "खर्च वाढेल, आणि गाजावाजा कमी होईल," त्या म्हणाल्या, आणि सही केली. मंचावरून मात्र विश्वंभरनं पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं, आणि कुणी आग्रहही केला नाही.

अक्काशी फोनवर बोलणं होई. सणावाराचं, तब्येतीचं. स्पर्धेचा विषय ती काढत नसे आणि त्याला काढवत नसे. शेवटी नोंदणी सुरू झाली तेव्हा त्यानं विचारलं, "यंदा याल का अक्का?"

"सामने कळणार कधी?"

"पंधरा दिवस आधी."

"मग पंधरा दिवस आधीच सांगते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं एवढंच ठरवलं होतं, की यापुढे त्याचा शब्दही तपासूनच घ्यायचा.

यादी तयार झाली त्या सकाळी त्यानं ती आधी कुणालाच दाखवली नाही. किनवट शाळेचा दूरध्वनी लावला. अक्कानंच उचलला.

"यादी आलीय. तुमचे सगळे सामने खेळायचे आहेत. दोनांत बहुतेक हराल, तेही आत्ताच सांगतो. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

मग अक्का म्हणाली, "थांब. मला नको सांगूस. मुलांना बोलावते, त्यांनाच वाचून दाखव. विचारतील ते सगळं सांग."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. लांबून बाकं सरकली, पावलं धावत आली, कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. विश्वंभरनं यादी समोर ओढली.

"बोला," पलीकडून एक ओळखीचा नसलेला, लहान मुलीचा आवाज आला. "आम्ही सगळे ऐकतोय."

त्यानं ज्या दोन सामन्यांत मुलं हरण्याची शक्यता होती, तिथूनच वाचायला सुरुवात केली.